बोअरला लावलेला कान

कोरडे पडलेले बोअर श्वास घेतात. आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर कुणी फारसं बोलत नाही. सकाळी उन्हं वर चढत असताना सहा इंची पाइपातून हवा आत ओढली जाते. दुपार कलली किंवा आभाळ भरून यायला लागलं की तीच हवा बाहेर येते. ती गार आणि ओलसर असते, आणि तिला बंद पेटीत राहिलेल्या गोधडीसारखा वास असतो. एका वस्तीवर बायांनी बोअरच्या तोंडावर जुन्या साडीची चिंधी बांधलेली मी पाहिली आहे. चिंधी आत गेली की वाळवण घालायचं, फुगली की सरपण आत घ्यायचं. या बाया त्या चिंधीकडं घड्याळाकडं बघावं तसं बघायच्या आणि कामाला लागायच्या. मी मात्र तिथून नजर काढू शकले नाही. कापड बाहेर यायचं, थांबायचं, आणि मग हळूच कुणीतरी ओठांनी ओढावं तसं आत जायचं.

यामागं हवेचा दाब असतो, हे मला नंतर कळलं. कळल्यामुळं फारसा फरक पडला नाही. पाचशे फूट खोल भोकातून सुस्कारा कानाशी आला की कारण आठवायच्या आधी मान मागं होते.

आणि मला तर मान मागं घ्यायची नव्हती. माझं काम कान लावण्याचं होतं.

माजलगावच्या रस्त्यावर अब्बांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. गावोगाव जाऊन बोअरमधून मोटारी वर काढणं, परत सोडणं, हेही तेच करत. पण लोक त्यांना ओळखत ते त्यांच्या कानासाठी. बोअर आटला की दुसरा मारायचा, की आहे तोच खोल करायचा, की नाद सोडायचा, हे ठरवण्याआधी लोक अब्बांना बोलवत. अब्बा झाकण काढत, हरभऱ्याएवढा खडा आत सोडत, मग गुडघ्यावर बसून पाइपाला कान लावत. तेवढा वेळ सगळे गप्प राहत. कुणीतरी जाऊन बैलाच्या गळ्यातली घंटा मुठीत धरून उभं राही. अब्बा उठत, गुडघ्याची माती झटकत आणि एक वाक्य बोलत. त्याचे ते काही घेत नसत. चहा पीत. त्यांचं वाक्य चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अब्बांचे कान गेलेत हे आमच्या घरात कुणी म्हटलं नाही. मला ते पहाटे, फजरच्या नमाजच्या वेळी कळलं. मशीद आमच्या घरापासून तीन घरं सोडून आहे आणि अब्बा आयुष्यभर अजानच्या पहिल्या हाकेला उठून बसायचे. त्या हिवाळ्यात ते उशाशी मोबाइल ठेवून झोपायला लागले. थरथरायला लावलेला मोबाइल हाताखाली धरून. अम्मीनं पाहिलं, मी पाहिलं. अम्मीनं दुसऱ्या दिवसापासून त्यांना हाक मारण्याऐवजी समोर जाऊन बोलायला सुरुवात केली. आमच्याकडं गोष्टी अशाच मान्य होतात.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष संपलं होतं, राहिलेल्या एका विषयाचा निकाल यायचा होता, मी घरीच होते. एका सकाळी मोटारसायकल काढताना अब्बा म्हणाले, "चल, जरा साथ में आ. बॅटरी पकडने कू कोई होना." त्या दिवशी बॅटरी धरायची गरज कुठंच नव्हती. पहिल्या बोअरवर त्यांनी खडा सोडला, कान लावला, उठले आणि मला म्हणाले, तूही बघ. लोकांना वाटलं बाप मुलीला धंदा दाखवतोय. मी कान लावला. उठले तेव्हा अब्बा माझ्याकडं बघत नव्हते. ते शेताच्या बांधाकडं बघत होते, आणि त्यांचा हात माझ्या हाताजवळ होता.

परतीच्या वाटेवर आमच्या खुणा ठरल्या. पाणी असलं तर त्यांच्या मनगटावर एकदा बोट दाबायचं. नुसती ओल असली तर दोनदा. हवाच असली तर काही करायचं नाही. मला हे फार सोयीचं वाटलं. शाळेपासून मला चारचौघांत बोलायला नको वाटायचं. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या, गल्लीत इंग्रजी बोललं की मुली हसायच्या, आणि घरात आमची दखनी. या सगळ्यात मी गप्प राहायला शिकले होते. आता गप्प राहूनच माझं काम होत होतं.

दोन महिन्यांत मला कळलं की अब्बा लोकांना पाणी कुठवर आहे याचं माप देत होते. शाळेच्या पुस्तकात एक पान होतं, नैसर्गिक साधनसंपत्तीचं. डावीकडं संपणाऱ्या गोष्टी, उजवीकडं न संपणाऱ्या. पाणी उजवीकडं होतं, शेजारी हिरव्या दरीतल्या नदीचं चित्र. ते पान मी परीक्षेत जसंच्या तसं लिहिलं होतं. अब्बांना ते पान माहीत नव्हतं. त्यांना परस माहीत होता. उभ्या माणसानं हात वर केले की पायापासून बोटांपर्यंत जेवढं होतं तो एक परस, आणि जुन्या विहिरी परसात मोजत. चार परसाची, सात परसाची. म्हणजे एकावर एक किती माणसं उभी केली तर शेवटच्याच्या बोटांना काठ लागेल. बोअर फुटात मोजतात. अब्बा म्हणायचे, तिथं आत माणूस मावतच नाही, मग माणसानं कसं मोजणार. हे ते मजेत म्हणायचे. मी पाइपाला कान लावला की मला मात्र ती एकावर एक उभी माणसं दिसायची, हात वर केलेली, काळोखात. आणि शेवटच्याच्या पायाखाली अजून कितीतरी रिकामं.

दिंद्रुडच्या पुढं आत गेल्यावर एक गाव लागतं. तिथल्या एका सरांनी अब्बांना एप्रिलच्या शेवटी बोलावलं. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. बौद्ध वस्तीला लागून त्यांची मोसंबीची ऐंशी झाडं होती, सहा वर्षांची. पानं वळायला लागली होती. त्यांचा तीनशे फुटांचा बोअर महिन्यापूर्वी बंद पडला होता. बोअरपासून दगड फेकला तर पडेल एवढ्या अंतरावर गावाची जुनी बारव होती. नळ योजनेचं पाणी उन्हाळ्यात येत नाही, त्यामुळं सगळं गाव मे संपेपर्यंत त्या बारवेवरच.

अब्बा मोटार वर काढायची तयारी करत होते तोवर मी हात धुवायला बारवेत उतरले. घडीव दगडांच्या पायऱ्या. बाहेर ऊन अंगाला चावत होतं आणि सातव्या पायरीवर एकदम गारवा आला. अशा बारवेत पारवे असतात, तिथं ते नव्हते. बारवेच्या आतल्या भिंतीत एक कोनाडा होता, देव नसलेला, त्याचा उंबरा पाण्याच्या वर टीचभर उघडा. त्या उंबऱ्याला शेंदूर फासलेला होता, ताजा, अजून तेलकट.

पाणी भरायला आलेल्या एका बाईनं मला त्याचं सांगितलं. उंबरा दिसला की शेतीसाठी बारवेला हात लावायचा नाही. पूर्वी मोटा बंद व्हायच्या, आता मोटारी. फक्त प्यायला, तेही घागरीनं. हे कुणी दवंडी पिटून सांगत नाही. ज्याला आधी दिसेल तो शेंदूर लावतो. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "कोनाडा हाय तवापासून. अन् कोनाडा तर लई आधीपासून हाय."

मी वाकून हात बुडवला तेव्हा तो आवाज आला. कोनाड्याच्या मागून, दगडांच्या आतून. तीन थेंब पडल्यासारखे, मग थोडं थांबून एक लांब घोट. कुणीतरी भिंतीपलीकडं बसून सावकाश पाणी पीत असावं तसा. मी बाईकडं पाहिलं. ती घागर विसळत होती. मी ओंजळ सोडून दिली आणि वर आले.

वर सर अब्बांशी बोलत होते. बोलत होते म्हणजे सांगत होते. अब्बा त्यांच्या ओठांकडं बघून मान हलवत होते. सरांच्या आजाला त्या बारवेच्या पायरीवर पाय ठेवता येत नसे. वर काठाशी उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओंजळीत ओतणार. नंतर कायद्यानं कुणी अडवू शकत नव्हतं, पण त्यांच्या घरातलं कुणी तिथं उतरलंच नाही. वस्तीवर पहिला बोअर लागला तो सरांच्या वडिलांचा, हाच. पाणी वर आलं तेव्हा वडिलांनी पहिली बादली कपड्यांसकट स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली होती.

"खालच्या पाण्याला कुणाचा कोनाडा न्हाई, मिस्त्री," सर म्हणाले. "म्हणून हा बोअर बुजवायचं मी मनात पण आणत नाही. पाणी असंल तर सांगा, खोल करतो. झाडं अजून पंधरा दिवस निघतील."

अब्बांनी खडा सोडला, कान लावला. मग मी. आतली हवा त्या वेळी वर येत होती, माझ्या गालावर. तिच्याखाली, फार खाली, अगदी स्पष्ट, तीन थेंब. थांबून एक लांब घोट.

मला तो आवाज ओळखू आला. हे मी आज सरळ लिहू शकते. तेव्हा मी स्वतःशीही नीट म्हटलं नव्हतं. मनात एवढंच आलं की हे मी आत्ताच ऐकलंय. पण अब्बा वाट बघत होते, सर वाट बघत होते, सरांची बायको ओसरीवरून वाट बघत होती. आमच्या खुणा तीन होत्या. पाणी, ओल, हवा. पाणी कुणाचं, याला आम्ही खूण ठेवलेलीच नव्हती. ते सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं असतं तर ऐकणारी मी आहे हेही सगळ्यांना कळलं असतं.

मी अब्बांच्या मनगटावर एकदा बोट दाबलं.

"पाणी आहे," अब्बा म्हणाले. किती खोल, ते त्यांनी अनुभवाच्या अंदाजानं जोडलं. "साठ-सत्तर फूट अजून घ्या."

तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. आम्ही तिथं नव्हतो. सरांचा फोन आला, अम्मीनं घेतला आणि अब्बांसमोर जाऊन सांगितलं: पाषाण संपून तांबडी माती लागली, तिच्याखाली गाडीचा दांडा एकदम हातभर खाली गेला, आणि मग पाणी लागलं. मोसंबीच्या आळ्यात पाणी सुटलं होतं. अब्बांनी आकाशाकडं बघून शुक्र म्हटलं. अम्मीनं त्या दिवशी खीर केली. मी खाल्ली.

पाच दिवसांनी गावातून दोन माणसं दुकानात आली. ती रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की मिस्त्रींनी एकदा येऊन बारव बघावी.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. बारवेच्या काठाला माणसं उभी होती. मी खाली पाहिलं. पाणी नव्हतं म्हणण्याइतकं खाली गेलं होतं. तळाशी काळं काहीतरी हलत होतं, तेवढंच. शेंदूर लावलेला कोनाडा आता भिंतीवर टांगल्यासारखा, पाण्यापासून फार उंच दिसत होता. आणि त्याच्याखाली, दोन परस खाली, भिंतीत दुसरा कोनाडा होता.

तो कुणी कधी पाहिलेला नव्हता. त्याचा उंबरा माणसांच्या हातांनी झिजलेला, मधोमध खोलगट, जशा जुन्या घराच्या पायऱ्या होतात. त्याच्याखाली आणखी एक तिसरा, लहान, घाईत कोरल्यासारखा वाकडा. वरच्या भागात दगड घडीव होते, चुन्यात बसवलेले. दुसऱ्या कोनाड्यापाशी ते ओबडधोबड झाले होते. तिसऱ्यापाशी बांधकामच नव्हतं, नुसता फोडलेला खडक आणि त्यावर दगड फोडायच्या सुतकीचे घाव, आडवेतिडवे.

मला ते वाचायला वेळ लागला नाही. ही बारव एकदा बांधलेली नव्हती. ती खाली खाली नेलेली होती. आणि प्रत्येक वेळी खणणाऱ्यांनी खाली नवा कोनाडा कोरून स्वतःला सांगितलं होतं की आता याच्याखाली नाही. मग बरी वर्षं आली असतील, पाणी चढलं असेल, खालचे दोन्ही उंबरे बुडाले असतील, आणि वरचा तेवढा नियम म्हणून उरला. त्या बाईनं मला सांगितलेलं "लई आधीपासून" हे तिथं उघडं पडलं होतं, ओलं, शेवाळलेलं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मयताच्या घरी धरतात तशी.

मग कुणीतरी अब्बांना विचारलं. तो माणूस अब्बांच्या मागं उभा होता. "मिस्त्री, तुमी ऐकलं तवा ह्ये बारवंचंच पानी हाय, ह्ये कळलं न्हाई का?"

अब्बा तसेच खाली बघत राहिले.

त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. अब्बांना कुणीतरी बोलतंय एवढं समोरच्यांच्या नजरांवरून कळलं असावं. ते वळून हसले आणि म्हणाले, "हौ हौ, चाय बाद में लेंगे."

मी लोकांच्या चेहऱ्यांवर ते समजताना पाहिलं, एकामागून एक. सर काठाच्या पलीकडं उभे होते, वस्तीतल्या दोघा-तिघांबरोबर, आजाची जागा असेल तिथंच. ते अब्बांकडं बघत होते. त्यांनी ज्या माणसाच्या शब्दावर जमीन फोडली त्या माणसाला ऐकूच येत नव्हतं.

"अब्बांनी ऐकलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज बारवेत जाऊन परत आला, आणि तो मला माझा वाटला नाही. "मी ऐकलं. अडीच महिने सगळीकडं मीच ऐकतेय. इथं मला बारवेत आणि बोअरमध्ये एकच आवाज आला होता. मी ते सांगितलं नाही."

"कावून?" त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं. ऐकूनही मी का सांगितलं नाही, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

मी अब्बांकडं पाहिलं. ते माझ्या ओठांकडं बघत होते आणि त्यांनी सगळं वाचलं होतं. मग त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणजे गरजेपेक्षा फार मोठ्यानं, म्हणाले, "मेरेकू सुनाई नै देता. एक साल हो गया. बच्ची मेरे वास्ते चुप थी."

त्यानंतर बोलणी सुरू झाली, आणि ती बरी नव्हती. कुणी म्हणालं बोअर आजच्या आज बंद करा. वस्तीतला एक जण म्हणाला, आमचं पानी गेलतं तवा कोन आलतं बघाया? कुणीतरी म्हणालं की शेंदूर लावल्यावर मोटार चालू करायची नसते हे सरांना ठाऊक नव्हतं का. सर तेव्हा पहिल्यांदा बोलले. म्हणाले की नियम बारवेचा होता, आणि बारव त्यांची कधी नव्हती. हे त्यांनी शांतपणे म्हटलं, वर्गात म्हणावं तसं. मग म्हणाले की पाणी आता माझ्या बोअरमध्ये आहे, मी नळ बसवतो, गावानं तिथं येऊन भरावं, कुणाला अडवणार नाही.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. काही जणांना ते पटत होतं, पाणी ते पाणी. मला तेव्हा एक गोष्ट खटकली: ऐंशी झाडांनी पाच दिवसांत अख्खी बारव प्यायली कशी. मी सरांना विचारलं, मोटार किती वेळ चालते.

पहिल्या दिवशी पाच तास चालली होती, म्हणाले. काल एक तास. आज सकाळी वीस मिनिटं.

मी बोअरकडं गेले. सगळे मागून आले. अब्बांनी झाकण काढलं. हवा आत जात होती, माझा ओढणीचा काठ पाइपाकडं ओढला गेला. मी कान लावला. आता थेंब नव्हते. वरच्या बाजूला, साधारण बारवेच्या तळाच्या पातळीला, एकसारखी धार. ती पाइपाच्या कडेनं खाली जात होती. मी तिच्या मागं मागं गेले. ती पाण्यात पडत नव्हती. ती जातच राहत होती, बारीक होत, आणि जिथं मला तळ ऐकू यायला हवा होता तिथं काहीच नव्हतं. एक पोकळी, आणि तिच्यात तो सावकाश घोट, आधीपेक्षा मोठा. मी किती वेळ तशी बसले माहीत नाही. शेवटी अब्बांनी खांद्याला धरून उठवलं. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

मी सगळ्यांना सांगितलं, मोठ्यानं, अब्बांकडं तोंड करून. गाडीनं वरची फट मोकळी केलीय आणि खाली तांबड्या मातीखालची पोकळी उघडलीय. बारवेचं पाणी बोअरमध्ये येतंय, पण बोअरमध्ये थांबत नाहीये. ते सरांना मिळत नाही आणि गावालाही मिळत नाही. ते खाली चाललंय. किती खाली, ते मला ऐकू येत नाही.

सरांच्या बायकोनं ओसरीवरून विचारलं, काय झालं. सरांनी तिला हातानं थांबवलं. मग मला विचारलं, "थांबवायचं असंल तर?"

अब्बांना मी ते तोंडानं पुन्हा सांगितलं. ते त्यांचं क्षेत्र होतं, त्यांनी लगेच उपाय सांगितला: चिकण माती, मळून, गोळे करून, तळापासून वरच्या फटीच्या वरपर्यंत ठासायची. बोअर कायमचा गेला. अर्धवट भरून उपयोग नाही.

"घाला," सर म्हणाले. "पण माझ्या झाडांना बारवेतून पाणी. घागरीनं का होईना. ती मी उतरून भरणार, कुणी वरून ओतायचं नाही."

त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं टोपी परत घातली आणि माती आणायला गेला. थोड्या वेळानं बाकीचेही गेले.

मोटार वर काढून गोळे सोडायला दुपार झाली. अब्बा दोरीला वजन बांधून मोजत होते, ते काम त्यांना कानाशिवाय येत होतं. प्रत्येक दहा-पंधरा गोळ्यांनंतर मी कान लावायची. पहिल्या शंभरेक गोळ्यांचा आवाजच आला नाही. ते आत जायचे आणि संपायचे. लोक गोळे मळायचे थांबले, एकमेकांकडं बघायला लागले. एक बाई म्हणाली, ह्येला बूड हाय का न्हाई. मग एकदाचा एक गोळा कशावर तरी बसल्याचा आवाज आला, मऊ. मी अब्बांना सांगितलं. दिवस मावळता मावळता धार बंद झाली. बोअरनं एकदा लांब हवा सोडली, मातीच्या वासाची, आणि मग त्यातून काहीच आलं नाही. ना आत, ना बाहेर. इतके दिवस मला त्या श्वासाची भीती वाटत होती. त्या संध्याकाळी तो थांबल्यावर अंगावर काटा आला.

बारवेचं पाणी आठ दिवसांत दुसऱ्या कोनाड्यापर्यंत चढलं आणि तिथं राहिलं. शेंदूर आता या उंबऱ्याला लावावा असं काही जण म्हणत होते. एकदा लावला की पुढं त्याच्या वर चढेल तेवढं पाणी शेताला मोकळं. त्यावर गावात अजून एकमत नाही असं ऐकते. सरांनी ऐंशीतली तीस झाडं ठेवली, बाकीची तोडली. रोज सकाळी शाळेआधी ते आणि त्यांची बायको बारवेत उतरतात. हे मला त्यांनीच सांगितलं, दुकानात येऊन. त्या पायऱ्या वाटल्या होत्या त्यापेक्षा उंच आहेत, म्हणाले.

अब्बांना बोलावणं कमी झालं. दोन गावांनी सरळ दुसऱ्या माणसाला बोलावलं, तो नारळ हातावर उभा करून पाणी दाखवतो. जे येतात त्यांना अब्बा आधीच सांगतात, ऐकणार ती आहे. काही जण माझ्याकडं बघून परत जातात.

परवा धर्मापुरीकडच्या एका शेतात मी कान लावला. पाणी होतं, चांगलं होतं. अब्बांचं मनगट शेजारीच होतं, पण मी हात लावला नाही. उठून शेतमालकाला म्हणाले, पाणी आहे, पण आधी मला ओढ्याकाठची ती विहीर बघायची आहे, आणि तिच्यावर कोण कोण पाणी भरतं त्यांच्याशी बोलायचं आहे.

त्याला ते आवडलं नाही. "पानी हाय म्हन्तेस अन् पुन्हा इहिरीपशी कावून? ती माजी न्हाईच."

मी त्याला कारण सांगायला सुरुवात केली. नेहमीसारखं हळू, जवळच्यालाच ऐकू जाईल एवढं. अब्बांनी हाताचा पंजा कानामागं धरला आणि चार माणसांसमोर मला म्हणाले, जरा जोर से बोल.